घोड्याच्या पाठीवरून हात

‘खरारा म्हणजे काय?’ असा प्रश्न मध्यंतरी मी वर्गात विचारला. विषय सभासदाच्या बखरीचा होता. शिवाजी महाराजांच्या पागेत दर पंचवीस बारगिरांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे, हे सांगता सांगता घोड्यांच्या निगेचा विषय निघाला आणि त्या ओघात हा शब्द आला. विदर्भातून इकडे शिकायला आलेला एक मुलगा तत्परतेने म्हणाला, ‘खर्रा ना, सर? सुपारी-तंबाखू घोटून करतात तो!’ वर्ग मनमुराद हसला. मागच्या बाकावरून एका मुलीने ‘खराटा’ असे सुचवून पाहिले. ती निदान झाडलोटीपर्यंत तरी पोचली होती.

मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. आपली भाषा अजून घोड्यावरच बसलेली असली, तरी आपण केव्हाच खाली उतरलो आहोत. घोडे कोठे पेंड खाते, घोडामैदान जवळच आहे, वरातीमागून घोडे, खोगीरभरती, हे सारे आपण रोज बोलतो. पण खोगीर हाताळलेले किती जण निघतील? तेव्हा आधी सांगून टाकतो. दातेरी साधनाने घोड्याच्या अंगावरची धूळ व सुटे केस मोकळे करावयाचे, मग ब्रश फिरवावयाचा, मग वाळल्या गवताचा बोळा करून अंग रगडावयाचे आणि शेवटी उघड्या तळव्याने मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत निपटून काढावयाचे, या सगळ्या खटाटोपाला खरारा म्हणतात. तो करणारा मोतद्दार. लोकांना वाटते, ही घोड्याची आंघोळ. ती आहेच, पण तिच्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे आणि माझा विषय ती आहे.

त्या गोष्टीला आज परदेशात मोठे दिवस आले आहेत. घोड्याचे अंग हलक्या हाताने चोळून, दाबून, नुसता हात ठेवून त्याचे आखडलेले स्नायू सैल करणे हा तिकडे रीतसर व्यवसाय झाला आहे. त्याचे अभ्यासक्रम आहेत, प्रमाणपत्रे आहेत आणि अर्थातच फीसुद्धा आहे. कॅनडात जन्मलेल्या लिंडा टेलिंग्टन-जोन्स या बाईंचे नाव त्यात अग्रभागी आहे. माणसांच्या हालचालींचा अभ्यास करणाऱ्या मोशे फेल्डेनक्राइस यांच्याकडे १९७० च्या दशकात त्या शिकल्या आणि तेथे शिकलेले त्यांनी घोड्यांना लावून पाहिले. त्यांची मुख्य युक्ती ऐकायला फारच साधी आहे. घोड्याच्या कातडीवर मनातल्या मनात घड्याळाची तबकडी कल्पावी, सहाच्या आकड्यापाशी बोटे टेकवावीत, कातडीसकट ती गोल फिरवून पुन्हा सहावर आणावीत आणि तशीच पुढे आठापर्यंत नेऊन थांबावे. जोर किती द्यावा? आपल्याच मिटलेल्या पापणीवर सहन होईल इतपत. बस्स. त्याच सुमाराला अमेरिकेत जॅक मीगर यांनी खेळाडूंच्या अंगाला करतात तसली मालीश घोड्यांना सुरू केली. ती मात्र चांगली जोरकस.

या मंडळींपैकी काही जण पुढे पुढे ‘शक्तिलहरीं’च्या गोष्टी बोलू लागतात. तेथे मी पुस्तक मिटतो. पण आमच्यातलेही काही जण लगेच ‘हे सगळे शालिहोत्रात आहेच’ म्हणून मिशीवर ताव देतात, तेथेही मला मिटावेसेच वाटते. आपल्या जुन्या अश्वशास्त्रात औषधांची आणि निगेची मोलाची माहिती आहे खरी; परंतु घोड्याच्या अंगावरचे भोवरे कोठे असले म्हणजे मालकाचे भाग्य उजळते याचीही तेथे रेलचेल आहे आणि आजही घोड्यांच्या बाजारात भोवरा पाहून किंमत वरखाली होते. घोड्याची पाठ दुखते आहे की काय, हे भोवऱ्यावरून कळत नाही.

ते हातालाच कळते. याचे कारण घोड्याच्या घडणीत आहे. माणसाच्या गळ्याखाली जी दोन आडवी हाडे असतात, ज्यांना आपण हासळी म्हणतो, ती घोड्याला नाहीत. त्याचे पुढचे पाय धडाला हाडाच्या सांध्याने जोडलेलेच नसतात. एवढे अवजड धड दोन पायांच्या मध्ये स्नायूंच्या झोळीत टांगल्यासारखे असते. त्यातून शरीराच्या भारापैकी शेकडा साठच्या आसपास भार त्या पुढच्या पायांवर. वर खोगीर, खोगिरात माणूस आणि खाली काँक्रीट. ती झोळी आखडली म्हणजे पाऊल आखूड पडू लागते. कातडी तर अशी नाजूक, की एक माशी बसली तरी तेवढ्याच जागेची कातडी थरथरवून तो तिला उडवतो. आणि इतके हळवे अंग असून हा प्राणी दुखणे मात्र लपवतो. तो पडला मूळचा शिकार होणाऱ्यांपैकी. कळपात जो लंगडला तो आधी संपला. कुत्र्यासारखा तो केकाटत नाही. कान थोडे मागे जातात, डोळ्यांवरची कातडी ताणली जाते, खोगीर पाहताच पोट आवळले जाते, इतकेच. पाहणाऱ्याला दिसले तर दिसले.

घोडे एकमेकांशी कसे वागतात, हेही यात पाहण्यासारखे आहे. दोन घोडे शेजारी उलटसुलट तोंडे करून उभे राहतात आणि एकमेकांच्या मानेच्या मुळाशी, आयाळ संपते त्या उंचवट्याजवळ, दातांनी हळूहळू खाजवत बसतात. फ्रान्समधल्या कामार्ग घोड्यांवरचा एक अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. या ठरावीक जागी माणसाने खाजवले असता घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात. दुसरीकडे खाजवले तर तसा गुण येत नाही, असे त्यात आढळले. आपण प्रेमाने घोड्याच्या मानेवर जी थाड थाड थाप मारतो, ती घोड्यांच्या शिष्टाचारात मुळी नाहीच.

आता आमच्या ठाणे-कल्याणकडे येतो. हा घोड्यांचा मुलूख नव्हे; येथली हवा दमट, आणि चांगला घोडा इकडे बाहेरूनच यावयाचा. त्याची हाव येथे किती होती याची एक मासलेवाईक हकिकत मार्को पोलोने तेराव्या शतकाच्या अखेरीस लिहून ठेवली आहे. ठाण्याच्या राजाने म्हणे समुद्रावरच्या चाच्यांशी करारच केला होता: लुटीतले घोडे तेवढे माझे, बाकीचा माल तुम्ही घ्या! हाच प्रवासी पूर्वेकडच्या तमिळ किनाऱ्याबद्दल सांगतो, की तेथे दरसाल शेकड्यांनी घोडे येतात आणि निगा कशी ठेवावी हे ठाऊक नसल्यामुळे मरतात. पुढे १८५३ मध्ये ठाण्याला आणि १८५४ मध्ये कल्याणला आगगाडी आली, स्टेशनाबाहेर टांगे उभे राहिले आणि घोडा मध्यमवर्गाच्या दारापर्यंत आला. मग रिक्षा आल्या. मुंबईच्या व्हिक्टोरियांवर तर २०१५ साली उच्च न्यायालयानेच पडदा टाकला. आता आमच्या भागात घोडा पाहावयाचा तो लग्नाच्या वरातीत.

अशाच एका वरातीच्या घोडीमुळे मला हा विषय लागला. कल्याणला खाडीच्या बाजूला एक वयस्क गृहस्थ दोन घोड्या बाळगून आहेत. सारे त्यांना चाचा म्हणतात, मीही म्हणतो. त्यांचे वडील स्टेशनावर टांगा हाकीत. बखरींतले घोड्यांविषयीचे शब्द अजून कोणाच्या तोंडी आहेत का, हे टिपून घ्यावे म्हणून मी गेल्या वर्षी ऐन लग्नसराईत त्यांच्याकडे गेलो होतो. शब्द मिळाले: तंग, तोबरा, चंदी, अगाडी-पिछाडी. पांढऱ्या घोडीला ते ‘नुकरी’ म्हणत. पण वही मांडीवरच राहिली आणि मी त्यांचा हात पाहत बसलो.

खरारा आटोपला होता. चाचांनी ब्रश खाली ठेवला, तळवा सपाट केला आणि घोडीच्या कानामागून सुरुवात केली. हात चालत होता फार सावकाश. दळण घेऊन जिना चढणाऱ्या माणसासारखा, मध्येच थांबत. तोंडाने काही तरी पुटपुटणे चालूच. खांद्यामागे, जेथे तंग आवळतात तेथे हात आला आणि घोडीचे कान फिरले. शेपटीचा एक फटकारा. मला वाटले, आता ते तेथे जोराने चोळतील. त्यांनी चोळले नाही. हात तेथेच ठेवून ते नुसते उभे राहिले. मिनिट गेले, दोन गेली. ‘गरम आहे,’ ते मला म्हणाले. ‘हात लावा सर, पण हळू. आधी उजवीकडे लावा, मग इकडे.’ मी दोन्हीकडे हात लावून पाहिला. फरक होता, आपल्या मुलाच्या कपाळाला हात लावून ताप ओळखतो तितका स्पष्ट होता. डोळ्यांना मात्र काही दिसत नव्हते. सूज नाही, जखम नाही, केसही गेलेला नाही.

मग त्यांनी मानेच्या मुळाशी बोटांच्या टोकांनी खाजवायला सुरुवात केली. हळूहळू घोडीची मान खाली आली, खालचा ओठ लोंबू लागला. तिने जीभ फिरवली आणि भलीमोठी जांभई दिली. कामार्गचा अभ्यास चाचांनी वाचलेला नाही, हे सांगावयास नकोच.

त्यांनी खोगिराखालची गादी उलटी करून पाहिली. अस्तराची शिवण एका बाजूला गोळा होऊन दोरीसारखी कडक झाली होती. त्याच संध्याकाळी डोंबिवलीत वरात होती. पैसे ठरलेले, विसार घेतलेला. वरात म्हणजे काय, ते आपण जाणतोच: दोनशे पावलांच्या रस्त्याला दोन तास, पुढे कर्णे, बाजूला फटाके, आणि त्या सबंध वेळात घोडीने पाठीवर नवरदेव घेऊन जागच्या जागी उभे राहावयाचे. चालण्यापेक्षा ते उभे राहणेच पाठीला जड. चाचांनी मुलाला बोलावले आणि विसार परत करून ये म्हणाले. मुलगा रागावला. रागवायला कारण होते. पावसाळाभर घोड्या बसून खातात आणि त्या चार महिन्यांची चंदी याच दिवसांत मिळवायची असते. ‘थोडी मालीश कर अब्बा, चालेल ती,’ तो म्हणाला. चाचा म्हणाले, ‘मालीश केली म्हणून तर कळलं. मालीश करून पाठवायची असेल तर आंधळ्यासारखीच पाठवायची होती.’

दुसऱ्या दिवशी जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी दहा दिवस विश्रांती सांगितली, पोटात औषध दिले, गादी बदलायला लावली. जखम फुटून चिघळली असती तर महिने गेले असते, असेही ते म्हणाले.

मालीश म्हणजे सर्व दुखण्यांवर उतारा, असे सांगणारे आता आपल्याकडेही भेटू लागले आहेत, म्हणून हे एवढे सविस्तर लिहिले. गरम सुजेवर चोळू नये. पाय टेकीत नसलेल्या घोड्याला चोळत बसू नये. पोटशूळ उठला असेल तर एक क्षणही घालवू नये. घोड्याला उलटी करता येत नाही, त्याच्या पोटातली कळ प्राणावर बेतते. तेथे डॉक्टरच हवा. परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे इस्पितळ १८८३ पासून आहे आणि त्याच आवारात १८८६ साली पशुवैद्यकाचे महाविद्यालय निघाले. आपल्या भागाला पशुवैद्यकाची परंपरा नाही असे नव्हे. हाताचे काम त्याच्या अलीकडचे: आखडलेले अंग सैल करणे, भेदरलेल्या जनावराला ठिकाणावर आणणे, आणि दुखणे डोळ्यांना दिसण्याआधी शोधणे. महाभारतातला नळ बाहुकाच्या वेषात ऋतुपर्णाचा रथ जोडतो तेव्हा राजा घाईने चढतो आणि घोडे गुडघ्यांवर येतात. नळ चाबूक उचलत नाही. आधी त्यांना शांत करतो, मग हाकतो. वर्गात मी ही कथा शिकवतो तेव्हा मुलांना पुढचा वेगच आवडतो. मला अलीकडे हा थांबलेला क्षण अधिक आवडू लागला आहे.

ज्यांच्या घरी यंदा कार्य आहे त्यांच्यासाठी दोन गोष्टी. ओझ्याच्या व गाडीच्या जनावरांविषयी केंद्र सरकारचे १९६५ चे नियम आहेत. जनावराकडून दिवसात नऊ तासांपेक्षा अधिक आणि विश्रांतीवाचून सलग पाच तासांपेक्षा अधिक काम घेता येत नाही. पारा ३७ अंशांच्या वर असेल तेथे दुपारी बारा ते तीन मुळीच नाही. काटे असलेला लगाम तर सरळ निषिद्ध आहे. तेव्हा घोडी ठरवताना झुली आणि कलगी पाहाल तसाच लगामही मागून हातात घेऊन पाहा. त्याला टोके असतील तर दुसरीकडे जा. आणि घोडीवाला ‘आज येत नाही, घोडीला बरे नाही’ म्हणाला तर त्याच्याशी हुज्जत घालू नका. नवरदेव मोटारीतूनही वेळेवर पोचतो.

दिवाळीच्या सुटीत पुष्कळ कुटुंबे माथेरानला जातील. ती जागा १८५० साली शोधून काढली ती ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनीच. दस्तुरीच्या पुढे पर्यटकांच्या मोटारी जात नाहीत आणि तेथेच घोडेवाले भेटतात. मुलांना घोड्याच्या मागे उभे करू नका. अगदी नाकासमोरही नको, तेथले त्याला नीट दिसत नाही. खांद्याच्या बाजूने जावे, घोडेवाल्याला विचारावे, थाप न मारता आयाळ संपते त्या उंचवट्याजवळ बोटांनी हळूहळू खाजवावे. घोडा वरचा ओठ लांब करून हलवू लागला तर जागा बरोबर सापडली असे समजावे. कान मागे गेले तर हात काढून घ्यावा, आणि ती जागा कोणती ते घोडेवाल्याला सांगावे.