फोल्डेबल फोनची काच वाकते, मग तुटत का नाही?

एप्रिल २०१९. सॅमसंगने 'गॅलेक्सी फोल्ड' बाजारात आणण्याआधी काही पत्रकारांना वापरून पाहायला दिला आणि काही दिवसांतच त्यातल्या काही स्क्रीन बिघडल्या. काहींनी स्क्रीनवरचा प्लास्टिकचा थर स्क्रीनगार्ड समजून सोलून काढला होता. प्रत्यक्षात तो स्क्रीनचाच भाग होता! विक्री पुढे ढकलावी लागली आणि सुधारित फोन सप्टेंबरमध्ये आला.

मुळात स्क्रीन वाकते कशी?

कोणतीही वस्तू वाकवली की तिची बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दाबली जाते. वस्तू जितकी जाड, तितका ताण जास्त. अर्धा मिलिमीटर जाडीची काच दीड मिलिमीटर त्रिज्येत वळवायची तर बाहेरची बाजू सुमारे १७ टक्के ताणावी लागेल. काच त्याच्या कितीतरी आधी फुटते. पण जाडी ३० मायक्रॉन, म्हणजे केसापेक्षाही कमी केली, तर हाच ताण १ टक्क्यावर येतो. २०२० च्या 'गॅलेक्सी झेड फ्लिप'मध्ये अशीच अतिपातळ काच आली.

स्क्रीनमध्ये असे अनेक थर असतात. जाड वही वाकवून बघा, पानं एकमेकांवरून सरकतात. स्क्रीनच्या थरांमधला मऊ, पारदर्शक गोंद तेच काम करतो. त्यामुळे सगळा ताण एकाच थरावर येत नाही.

मग अडचण कुठे आहे?

ज्या पातळपणामुळे काच वाकते, त्यामुळेच ती नाजूकही होते. म्हणून तिच्यावर प्लास्टिकचा थर लागतो आणि प्लास्टिकवर नखानेही ओरखडा उठू शकतो. वारंवार घडी घातल्यावर प्लास्टिक आणि गोंद पूर्णपणे मूळ आकारात येत नाहीत. मधली रेघ दिसते ती यामुळेच.

पहिल्या 'फोल्ड'साठी सॅमसंगने २ लाख घड्यांचा दावा केला होता. दिवसाला १०० वेळा उघडझाप धरली तर ही साडेपाच वर्षं होतात. पण यंत्रावरच्या चाचणीत घड्या मोजल्या जातात, खिशातली धूळ नाही. बिजागरीतून शिरलेला एखादा कण स्क्रीनला मागून टोचू शकतो.

म्हणून फोल्डेबल फोन घेतलाच, तर एवढं पाळा: वरचा थर स्वतः काढू नका, कोपरा सुटला तर सर्व्हिस सेंटर गाठा. आणि फोन मिटण्याआधी आत वाळूचा कण किंवा दुसरं काही अडकलेलं नाही ना, हे बघा.