विश्लेषण : बाळ ‘मागे’ आहे, हे कोणत्या मोजपट्टीने ठरते?

मोबाइल अ‍ॅपवरचा तक्ता कुठल्या देशातल्या बाळांवरून बनला, हे सहसा कुणी विचारत नाही. बडोद्याच्या मानसशास्त्रज्ञ प्रमिला फाटक यांनी हाच प्रश्न विचारला आणि भारतीय बाळांसाठी मोजपट्टी तयार केली. तिचे आकडे वाचायचे कसे?

खारघर, नेरूळ, घणसोलीतल्या अनेक घरांत आजी-आजोबा गावाला असतात आणि व्हिडीओ कॉलवर भेटतात. त्यामुळे ‘नऊ महिने झाले, अजून रांगत नाही’ ही काळजी आधी मोबाइलला सांगितली जाते. अ‍ॅपवर एखाद्या रकान्यापुढे लाल खूण उमटते आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘आमचा तर सातव्या महिन्यातच रांगायला लागला’ असे उत्तर येते. त्या रात्री आई-वडिलांना झोप लागत नाही.

पण ती लाल खूण कुणाशी तुलना करून आली? बालविकासाच्या शास्त्रात हा प्रश्न मूलभूत आहे. काटा चुकीचा लावलेला असेल तर वजनही चुकीचेच येणार.

कोण होत्या प्रमिला फाटक?

बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या गृहविज्ञान शाखेत बालविकास हा स्वतंत्र विभाग होता. फाटक यांचे महत्त्वाचे संशोधन तिथलेच. त्या काळात बाळांच्या विकासाची मोजमापे प्रामुख्याने अमेरिकेतून येत. बर्कलीच्या नॅन्सी बेली यांची चाचणी त्यांत आघाडीवर होती. ती 1969 मध्ये प्रसिद्ध झाली. चाचणीतली कामे साधी. बाळ घंटेच्या आवाजाकडे वळते का, ठोकळ्यावर ठोकळा रचते का, बारीक गोळी अंगठा-बोटाच्या चिमटीत उचलते का? ही कामे बडोद्यातले बाळही करते. अडचण होती ती ‘कितव्या महिन्यात’ या रकान्याची. तो रकाना अमेरिकी बाळांनी भरलेला होता.

फाटक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो भारतीय बाळांकडून भरून घेतला. एक ते तीस महिन्यांच्या बाळांची पुन:पुन्हा तपासणी करून त्यांच्या हालचालींची आणि बौद्धिक वाढीची नोंद ठेवली. हे काम जिकिरीचे असते. बाळ झोपलेले असते, भुकेले असते, किंवा नव्या माणसाला पाहून आईच्या मांडीवरून हलायलाच तयार नसते. या नोंदींतून 1970 मध्ये भारतीय बाळांचे निकष आले. ‘बडोदा नॉर्म्स’ या नावाने ते ओळखले जातात.

त्याआधी मोठ्या मुलांसाठीही त्यांनी असेच काम केले होते. मुलाला माणसाचे चित्र काढायला सांगायचे आणि त्यातल्या तपशिलांवरून गुण द्यायचे, ही चाचणी फ्लॉरेन्स गुडइनफ यांनी 1926 मध्ये अमेरिकेत मांडली. तिच्यात कपड्यांनाही गुण आहेत. मग धोतर-टोपीतला आजोबा काढणाऱ्या मुलाला बाही आणि पँटचे गुण कसे द्यायचे? फाटक यांनी भारतीय मुलांसाठी या चाचणीची वेगळी गुणश्रेणी बनवली.

‘डासी’ म्हणजे काय?

बडोद्याच्या निकषांतून पुढे ‘डेव्हलपमेंटल असेसमेंट स्केल्स फॉर इंडियन इन्फन्ट्स’ ही चाचणी घडली. तिची सुधारित आवृत्ती 1997 मध्ये आली. बालविकास केंद्रांत तिला ‘डासी’ म्हणतात. तिच्यात हालचालींच्या 67 आणि बौद्धिक विकासाच्या 163 अशा 230 पायऱ्या आहेत.

उत्तर ‘विकासांक’ या आकड्यात येते. बाळाचे विकासाचे वय भागिले प्रत्यक्ष वय, गुणिले 100. वीस महिन्यांचे बाळ तेरा महिन्यांच्या सरासरी बाळाइतकी कामे करत असेल तर विकासांक 65. साधारणपणे 70 च्या खाली आकडा गेला की विलंब मानतात. बाळ दोन महिने आधी जन्मले असेल तर ते दोन महिने वयातून वजा करतात. अनेक पालक घरी हिशेब करताना हे विसरतात.

अर्धी बाळे ‘उशिरा’च असतात

फाटक यांच्या तक्त्यातली एक गोष्ट प्रत्येक पालकाने समजून घेण्यासारखी आहे. तिथे एका कामासमोर एकच वय नसते. 3 टक्के बाळांना ते काम कधी जमले, 50 टक्क्यांना कधी आणि 97 टक्क्यांना कधी, अशी तीन वये असतात. सर्वसाधारण तक्त्यात मात्र बहुधा मधलेच छापले जाते. मधले वय म्हणजे निम्म्या बाळांना ते काम जमते ते वय. उरलेल्या निम्म्यांना ते त्यानंतर जमते आणि त्यातली बहुसंख्य अगदी ठणठणीत असतात.

जागतिक आरोग्य संघटनेने 2006 मध्ये भारतासह पाच देशांतल्या बाळांवरून हालचालींचे टप्पे प्रसिद्ध केले. त्यात आधाराशिवाय चालण्याची कक्षा 8.2 ते 17.6 महिने आहे. म्हणजे वाढदिवसाला चालणारे आणि सतराव्या महिन्यात पहिले पाऊल टाकणारे, दोन्ही बाळे एकाच कक्षेत. त्या अभ्यासातली 4.3 टक्के बाळे तर हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. अमेरिकेच्या सीडीसीने 2022 मध्ये आपली यादी बदलताना रांगणे वगळले आणि 75 टक्के किंवा अधिक बाळांना जे जमते तेच त्या वयासमोर ठेवले.

मग 230 पायऱ्या सगळ्यांनी तपासायच्या?

नाही. पूर्ण चाचणीला प्रशिक्षित माणूस, साहित्य आणि वेळ लागतो. म्हणून फाटक यांनी बी. खुराना यांच्यासोबत 1991 मध्ये छोटी ‘बडोदा स्क्रीनिंग टेस्ट’ मांडली. तिच्यात 54 कामे आहेत. केरळच्या डॉ. एम. के. सी. नायर यांच्या गटाने बडोद्याच्याच निकषांतून 17 कामे निवडली आणि ‘त्रिवेंद्रम चार्ट’ बनवला. अशी चाळणी निदान करत नाही. कुणाला पुढे पाठवायचे एवढेच सांगते.

मर्यादा आहेतच. निकष 1970 चे, सुधारणा 1997 ची. बेली यांची चाचणी त्यानंतर 2006 आणि 2019 मध्ये नव्याने आली. अर्ध्या शतकात पोषण, घरे, खेळणी सगळे बदलले. बाळांची सरासरी पुढे सरकली असेल तर जुन्या पट्टीवर सौम्य विलंब नजरेतून सुटू शकतो. इतक्या मोठ्या देशाने नव्या निकषांवर आणखी खर्च करायला हवा होता.

नवी मुंबईत कुठे जायचे?

‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमा’ची सुरुवात फेब्रुवारी 2013 मध्ये पालघरमधून झाली. विकासातला विलंब हा त्याच्या चार मुख्य विषयांपैकी एक. त्याची पथके अंगणवाड्या आणि सरकारी-अनुदानित शाळांत जातात. टॉवरमधल्या खासगी प्ले-ग्रुपमध्ये ती येत नाहीत, त्यामुळे तिथल्या मुलांची भिस्त बालरोगतज्ज्ञांवर आणि घरच्यांवर असते. खारघरमध्ये बौद्धिक दिव्यांगजनांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचे प्रादेशिक केंद्र आहे, तर वाशीत महापालिकेचे ईटीसी केंद्र.

काही गोष्टींसाठी मात्र थांबू नये. अठरा महिने होऊनही चालत नाही, सोळाव्या महिन्यापर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांचे झाले तरी स्वतःहून दोन शब्द जोडून बोलत नाही, किंवा आधी येत असलेली गोष्ट कोणत्याही वयात येईनाशी झाली, तर लगेच तपासणी करावी. लसीकरणाच्या दिवशी बाळ डॉक्टरांसमोर असतेच. हा विषय तेव्हाच काढता येतो.