धोतर नेसावे नेटके

वऱ्हाडात, म्हणजे अमरावती, अकोला आणि त्यांना लागून असलेल्या जिल्ह्यांत, धोतर हा दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत पुरुषांचा रोजचा पोशाख होता. आज तो बाजार समितीच्या आवारात कापूस घेऊन आलेल्या एखाद्या वयस्क शेतकऱ्याच्या, पंढरीच्या वाटेवरील वारकऱ्याच्या आणि मुंज, लग्न किंवा महालक्ष्म्यांच्या पूजेला बसलेल्या यजमानाच्या अंगावर तेवढा दिसतो. पहिल्या दोघांना धोतर नेसता येते. तिसऱ्याला बहुधा येत नाही. आयत्या वेळी गुरुजी किंवा घरातले एखादे काका ते कसेबसे गुंडाळून देतात, चार ठिकाणी सेफ्टी पिना लागतात आणि पूजा आटोपेपर्यंत यजमानाचे अर्धे लक्ष कमरेकडे राहते. ही फजिती टाळता येण्यासारखी आहे, कारण धोतर अंगावर टिकते ते मापावर आणि कासोट्यावर, आणि या दोन्ही गोष्टी थोड्या सरावाने कोणालाही साधतात.

एकेकाळचा रोजचा पोशाख समारंभापुरता उरला, म्हणजे तो नेसण्याची रीत मुद्दाम शिकावी लागते, हा अनुभव इतर समाजांनाही आलेला आहे. स्कॉटलंडमधील पुरुषांचा किल्ट, म्हणजे चौकडीच्या लोकरी कापडाचा चुणीदार घेर, हाही मुळात धोतराप्रमाणे बिनशिवलेला होता. लांबलचक कापडाला चुण्या घालून ते पट्ट्याने कमरेला आवळले जाई. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगराळ भागातून उठलेल्या बंडानंतर 1746 च्या कायद्याने या पोशाखावर बंदी आली आणि ती 1782 मध्ये उठली. पुढे किल्ट शिवून मिळू लागला व लग्नसमारंभात मानाने मिरवू लागला. तेथे नवशिक्याला पहिला धडा दिला जातो तो असा, की किल्ट पँटप्रमाणे खाली कटीवर न बांधता वर बेंबीच्या पातळीवर बांधावा आणि त्याची खालची कड गुडघ्याच्या वाटीपाशी यावी. यातला पहिला अर्धा भाग धोतरालाही लागू पडतो. जीन्सची सवय झालेला तरुण धोतर कटीच्या हाडावर बांधतो. तेथे कापडाला आधार मिळत नाही आणि दहा पावलांत ते घसरू लागते.

धोतराची लांबी हातांत मोजण्याची जुनी पद्धत आहे. एक हात म्हणजे सुमारे 18 इंच, अर्धा वार. त्यामुळे आठ हातांचे धोतर चार वारांचे, तर दहा हातांचे पाच वारांचे, म्हणजे सुमारे साडेचार मीटरचे होते. शिडशिडीत अंगाच्या माणसाला आठ किंवा नऊ हात पुरतात, पण नवशिक्याने दहा हातांचेच घ्यावे, कारण कापड अपुरे असले की निऱ्या थोड्या पडतात आणि चालताना पुढचा भाग उघडतो. लांबीइतकेच पन्न्याकडे, म्हणजे कापडाच्या रुंदीकडे, लक्ष द्यावे. बेंबीपासून घोट्यापर्यंतचे अंतर टेपने मोजून त्यात वर खोवण्यासाठी पाच-सहा इंच मिळवावेत. मध्यम उंचीला 48 ते 50 इंच पन्ना बहुधा योग्य ठरतो. अरुंद पन्न्याच्या धोतरात उंच माणूस पोटऱ्या उघड्या टाकून वावरतो, आणि हा दोष कितीही कौशल्याने नेसले तरी झाकला जात नाही.

कापडाविषयी वऱ्हाडी वाचकाला अधिक सांगावे लागू नये, इतका या प्रदेशाचा कापसाशी जुना संबंध आहे. मुंबई आणि लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडचा कापूस अमरावतीच्या नावावरून ‘ऊमरा’ म्हणून ओळखला जाई. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, 1861 ते 1865 या वर्षांत, त्याची मागणी एकदम वाढली आणि 1870 मध्ये खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला तो मुख्यतः या कापसाच्या गाठी वाहण्यासाठी. गाठी बाहेर जात आणि लँकशायरच्या गिरण्यांतून काठाची धोतरे होऊन परत येत, ही त्या व्यापाराची दुःखद बाजू होती. नागपूरला 1 जानेवारी 1877 रोजी सुरू झालेली एम्प्रेस मिल आणि उमरेड, पवनी येथील हातमागांवर विणली जाणारी रेशीमकाठी धोतरे या आयातीपुढे तग धरून राहिली. दादासाहेब खापर्डे यांच्या पिढीतील वकील आणि पुढारी, ज्यांच्या काळात 1897 मध्ये काँग्रेसचे अधिवेशन अमरावतीला भरले, ते पगडी, लांब कोट आणि उपरणे यांच्या जोडीला धोतरच नेसत. कचेरी, सभा आणि घर अशा तिन्ही ठिकाणी तोच पोशाख चाले, आणि आज धोतराला केवळ धार्मिक विधीचे वस्त्र मानणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात घ्यावी.

सुताचा बारीकपणा नंबरात सांगितला जातो. नंबर जितका मोठा, तितके सूत बारीक. 80 किंवा 100 नंबरी सुताचे धोतर तलम आणि झुळझुळीत असते, पण ते नवशिक्याच्या हातून निसटते, शिवाय त्यातून आतले कपडे दिसतात. पहिल्या धोतरासाठी मध्यम सुताचे, किंचित भरड, शुद्ध सुती कापड निवडावे. त्याची घडी जागच्या जागी राहते आणि उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या पुढे जाणाऱ्या अकोल्यासारख्या गावात ते घाम टिपून घेते. पॉलिएस्टर मिसळलेले धोतर इस्त्रीला सोपे, पण गाठीला निसरडे आणि अंगाला उबणारे असते. ते घेऊ नये. दुकानात धोतरे बहुधा जोडीने, म्हणजे दोन धोतरे एकाच ताग्यात सलग विणलेली, मिळतात. ती मधोमध कापून, एकदा धुऊन गिरणीची खळ काढावी आणि मगच नेसायला घ्यावीत.

नेसण्याची रीत अशी. आत घट्ट बसणारी, शक्यतो पांढरी किंवा अंगाच्या रंगाची चड्डी असावी. पूर्वी हे काम लंगोट करी. धोतर पाठीमागून कमरेभोवती आणून वरचा काठ बेंबीच्या पातळीवर धरावा आणि दोन्ही बाजूंना साधारण सारखे कापड पुढे येईल असे पाहावे. पोट किंचित आत घेऊन दोन्ही बाजूंचे वरचे काठ कमरेलगत चिमटीत धरावेत आणि त्यांची गाठ मारावी. या गाठीखाली एक बोट जेमतेम शिरले पाहिजे. आता एका बाजूचे मोकळे टोक घेऊन त्याची वरपासून खालपर्यंतची कड चार बोटे रुंदीच्या चुण्यांत गोळा करावी. हा चुण्यांचा जुडगा दोन्ही पायांमधून मागे घेऊन, पाठीच्या कण्याच्या बरोबर मध्यावर, कमरेच्या पट्टीत आत खोवला की कासोटा झाला. नऊवारी लुगड्याचा काष्टा घालणाऱ्या आजीबाईंना ही कृती अंगवळणी असे, आणि घरात अशी आजी असेल तर तिला विचारण्यात नातवाने संकोच करू नये.

कासोट्याचा ताण हीच सगळ्या नेसण्यातली नाजूक जागा आहे. तो उभे राहून पाय जुळवून खोचला तर खाली बसताना कापड ओढले जाते आणि एक तर कासोटा सुटतो, नाही तर जुने कापड फाटते. म्हणून पायांत हातभर अंतर ठेवून कासोटा ओढावा, तो खोवण्याआधी एकदा उकिडवे बसून पाहावे, ताण जाणवल्यास दोन बोटे ढील द्यावी आणि मग टोक दोनदा आत दुमडून खोचावे. त्यानंतर दुसऱ्या बाजूच्या मोकळ्या कापडाच्या वीतभर रुंदीच्या निऱ्या, सर्व एकाच दिशेला तोंड करून, घालाव्यात आणि बेंबीखाली खोवाव्यात. निऱ्यांची खालची कड घोट्याला टेकावी, जमिनीला नव्हे. कासोट्याला उजवी बाजू घ्यावी की डावी, याबाबत घराघरांत फरक आढळतो. शिकताना मात्र एकच बाजू धरून ठेवावी, म्हणजे हाताला वळण लागते. शेतात काम करणारा किंवा मैलोन्मैल चालणारा माणूस पुढे निऱ्या लोंबत्या न ठेवता दोन्ही टोके मागे घेऊन दोन्ही पाय वेगवेगळे झाकतो. त्याला दुटांगी धोतर म्हणतात. कौंडण्यपूरहून निघणाऱ्या रुक्मिणीमातेच्या पालखीबरोबर पंढरपूर गाठायचे असेल, तर हाच प्रकार सोयीचा.

धोतरात वावरण्याच्याही काही रीती आहेत. जिना चढताना सोगा, म्हणजे निऱ्यांचे खालचे टोक, डाव्या हाताने उचलून धरावा. मांडी घालण्यापूर्वी निऱ्या किंचित वर घ्याव्यात. मोटारसायकलवर मागे बसताना सोगा मांडीखाली घट्ट दाबावा, कारण तो चाकात किंवा साखळीत अडकला तर जिवावर बेतू शकते. वर सदरा असल्यास तो मांडीच्या मध्यापर्यंत असावा. त्याहून लांब झब्ब्यात कासोटा आणि निऱ्या दोन्ही झाकल्या जातात आणि नेसण्याचे श्रम वाया जातात. पायांत वहाणा शोभतात, बूट शोभत नाहीत.

अलीकडे इलास्टिक लावलेली, शिवलेली धोतरे दुकानोदुकानी मिळतात. लहान मुलांसाठी ती सोयीची आहेत. मोठ्या माणसाने मात्र ती टाळलेली बरी, कारण बिनशिवलेले धोतर जेवणानंतर सैल करता येते, थंडीत अंगावर घेता येते, बाप आणि मुलगा दोघांनाही तेच पुरते. शिवले की यातले काहीच उरत नाही.

काळ्या मातीचा डाग पडल्यास तो ओला असताना चोळू नये. वाळू द्यावा, झटकावा आणि मग थंड पाण्यात भिजवावा. पांढरेपणासाठी थोडी नीळ आणि शेवटच्या पाण्यात हलकी खळ पुरेशी असते. कडक खळीचे धोतर दिसायला भारदस्त, पण त्याच्या निऱ्या फुगतात. ज्यांच्या घरी येत्या हंगामात लग्न किंवा पूजा आहे, त्यांनी धोतर निदान आठ दिवस आधी आणावे, धुवावे आणि रोज संध्याकाळी तासभर नेसून घरात वावरावे. मुहूर्ताच्या दिवशी पिनांची डबी शोधावी लागणार नाही.