तोंड किती उघडते?

तर्जनी, मध्यमा आणि अनामिका ही तीन बोटे एकमेकांना चिकटवून उभी धरावीत आणि वरच्या व खालच्या पुढच्या दातांमध्ये ती बसतात का, हे पाहावे. निरोगी प्रौढ माणसाच्या तोंडात ती सहज बसतात; मोजून सांगायचे तर हे अंतर साधारणपणे ३५ ते ५० मिलिमीटर असते. गोंदियापासून गडचिरोलीपर्यंतच्या झाडीपट्टीत मात्र ज्यांच्या तोंडात दोनच बोटे, कधी कधी तर जेमतेम एकच बोट जाते, असे तरुण भेटतात. मोठा घास त्यांनी केव्हाच सोडलेला असतो, जांभईसुद्धा अर्धीच येते. हे कशामुळे होते, ते समजण्यासाठी आधी तोंडाच्या आत डोकवावे लागते.

गोंदिया हा भाताचा जिल्हा. तेव्हा भाताच्या घासाबरोबरच आत जाऊ. घास तोंडात पडताच लाळ सुटते. कानांखालच्या, जबड्याखालच्या आणि जिभेखालच्या अशा लाळग्रंथींच्या तीन मोठ्या जोड्या आहेत. कानाखालच्या ग्रंथीची नळी गालातून येऊन वरच्या दुसऱ्या दाढेसमोर उघडते. गालफुगी होते ती याच ग्रंथीला. दिवसभरात अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. भात बराच वेळ चावला की गोडसर लागतो, कारण लाळेतील विकर पिष्टाची साखर करू लागते. जीभ हा नुसता स्नायूंचा जुडगा. तिला हाडाचा आधार आहे तो फक्त मुळाशी. घास दाढांखाली सारणे, त्याचा गोळा करणे आणि तो मागे ढकलणे ही कामे ती करते. गाल तो बाहेर सांडू देत नाहीत. ही सारी हालचाल शक्य होते, कारण तोंडाला आतून मऊ, ओलसर आणि ताणले जाणारे अस्तर आहे. त्याला श्लेष्मल त्वचा म्हणतात.

तोंडाच्या छताचा पुढचा भाग हाडाचा आणि कठीण, तर मागचा स्नायूंचा आणि मऊ. या मृदू टाळूच्या टोकाला पडजीभ लोंबते. टाळूच्या दोन्ही बाजूंनी कमानी खाली उतरतात आणि त्यांच्यामध्ये टॉन्सिल बसलेले असतात. या कमानींपलीकडे घसा, म्हणजे ग्रसनी. ही जागा एखाद्या गजबजलेल्या चौकासारखी आहे. वरून नाकाची वाट येते, समोरून तोंडाची. खाली पुढच्या बाजूला श्वासनलिका आणि तिच्यामागे अन्ननलिका. याचा अर्थ, प्रत्येक घास श्वासाच्या दारावरून पुढे जातो.

ही रचना धोक्याची खरी, पण तिचे नियमन विलक्षण आहे. जिभेने घास मागे ढकलला, की पुढचे काम आपल्या इच्छेवर राहत नाही. मृदू टाळू वर उचलला जाऊन नाकाची वाट बंद करतो. स्वरयंत्र वर सरकते. कंठमण्यावर बोट ठेवून आवंढा गिळला तर हे जाणवते. स्वरयंत्रावरची पानासारखी कूर्चा झाकणासारखी कलते, स्वरतंतू मिटतात, श्वास क्षणभर थांबतो आणि अन्ननलिकेचे तोंड उघडते. घशातला हा प्रवास सुमारे एका सेकंदात संपतो. याच वेळी टाळूचा एक स्नायू घसा आणि मध्यकर्ण यांना जोडणारी नळी उघडतो. घाट उतरताना दडे बसलेले कान आवंढा गिळताच मोकळे होतात, ते त्यामुळे.

याच अवयवांकडून माणसाने बोलण्याचे कामही करून घेतले. आपली वर्णमाला म्हणजे तोंडाचा नकाशाच होय. 'क' वर्ग मागे घशाशी, 'च' वर्ग टाळूशी, 'ट' वर्ग जीभ वर वळवून, 'त' वर्ग दातांशी आणि 'प' वर्ग ओठांवर. झाडीबोलीत 'ण' आणि 'ळ' वापरत नाहीत. तो उच्चारातला दोष नव्हे, त्या बोलीची रीत आहे. 'ब' आणि 'म' म्हणताना ओठ सारखेच मिटतात. फरक करतो तो मृदू टाळू. 'म' म्हणताना तो खाली येतो आणि हवा नाकातून जाते. नाक चिमटीत धरून 'मामा' म्हणून पाहावे, म्हणजे पटेल.

आता खर्रा. विदर्भातल्या पानठेल्यांवर सुपारीचे खांड, तंबाखू आणि चुना घोटून तो तयार होतो आणि प्लास्टिकच्या पन्नीत गिऱ्हाइकाच्या हाती पडतो. राज्य शासनाने २०१२ मध्ये गुटखा व पानमसाल्यावर बंदी घातली, पुढे सुगंधित तंबाखू आणि सुपारीही तिच्या कक्षेत आणली. पण खर्ऱ्याला ना कारखाना लागतो, ना वेष्टन. तो गालात धरला जातो आणि त्याचा रस तासन् तास अस्तरात मुरत राहतो. तंबाखूचे दुष्परिणाम सर्वांना ठाऊक असतात. सुपारीला मात्र आपण पूजेच्या तबकात स्थान दिलेले असल्याने तिच्याविषयी संशय येत नाही. वस्तुतः तोंड आखडण्याचा मुख्य दोष तिचाच आहे. तिच्यातील अ‍ॅरेकोलिन हे द्रव्य अस्तराखालच्या पेशींना कोलॅजेनचे तंतू अधिक बनवायला लावते, तर तिच्यातील तांबे या तंतूंची वीण घट्ट करणाऱ्या विकराला चालना देते. असे तंतू सहजी विरघळत नाहीत. मऊ अस्तराखाली हळूहळू दोरखंडासारखे पट्टे तयार होतात.

या विकाराला ओरल सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. १९५२ मध्ये श्वार्ट्झ यांनी केनियातील भारतीय वंशाच्या पाच स्त्रियांमध्ये त्याची नोंद केली आणि १९५३ मध्ये मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी टाळू आणि घशाच्या कमानींचा विकार म्हणून त्याचे वर्णन केले. नेमकी हीच जागा महत्त्वाची. गिळताना वर उचलला जाणारा आणि बोलताना खालीवर होणारा टाळूच ताठ होतो. आवाज नाकात जाऊ लागतो, पडजीभ आखडते, जीभ पुरती बाहेर येत नाही. कानाची नळी नीट न उघडल्याने काहींना कमी ऐकू येते. पुढे कधी अन्य कारणासाठी शस्त्रक्रिया करावी लागली, तर भूल देताना श्वासनलिकेत नळी घालणेही अवघड होऊन बसते.

सुरुवात मात्र साधी असते. नेहमीचा तिखट रस्सा अचानक तोंडाला झोंबू लागतो. लोक त्याला उष्णता समजतात, जेवणातले तिखट कमी करतात आणि खर्रा चालूच ठेवतात. खरे तर याच टप्प्यावर दंतवैद्याकडे जायला हवे. गाल आणि टाळू संगमरवरासारखे पांढरट दिसू लागले, की निदान कठीण राहत नाही. या विकाराचे काही रुग्णांमध्ये कर्करोगात रूपांतर होते. केरळच्या एर्नाकुलम जिल्ह्यातील ६६ रुग्णांचा १७ वर्षे मागोवा घेतला असता ७.६ टक्के रुग्णांना तोंडाचा कर्करोग झाल्याचे १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूविरहित सुपारीलाही कर्करोगकारक ठरवले असून तो अहवाल २००४ मध्ये प्रसिद्ध झाला.

सवय लवकर सुटली तर जळजळ कमी होते आणि आखडणे थोपवता येते. एकदा घट्ट झालेले पट्टे मात्र आपोआप सैल होत नाहीत. अस्तरात इंजेक्शने दिली जातात. तोंड फारच मिटले असेल तर शस्त्रक्रियेने पट्टे कापून त्या जागी गालातली चरबी किंवा दुसरीकडची त्वचा बसवतात. त्यानंतरचे काम रुग्णाचे स्वतःचे. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या आणि सैल वाटू लागले की आणखी एक वाढवायची. हा व्यायाम रोज, कित्येक महिने करावा लागतो. कंटाळून सोडला, तर जखम भरता भरता तोंड पुन्हा मिटत जाते.