बर्फातली धूळ

अंटार्क्टिकात डोम सी इथे युरोपीय संशोधकांनी ३,२०० मीटरहून खोल जाऊन काढलेल्या बर्फाच्या गाभ्यात ८ लाख वर्षांचं हवामान साठलं आहे. चर्चा बहुधा त्यातल्या हवेच्या बुडबुड्यांची होते. मला मात्र त्यातली धूळ अधिक बोलकी वाटते, कारण जमीन किती कोरडी होती आणि वारे कुठून येत होते, हे तीच सांगते. ऐन हिमयुगातल्या थरांत उबदार काळाच्या तुलनेत सुमारे २५ पट धूळ सापडते. यावर आक्षेप येतो: हिमयुगात बर्फच कमी पडायचा, मग धूळ दाट दिसणारच! आक्षेप रास्त आहे, पण बर्फवृष्टी साधारण निम्म्यावर आली होती; त्यातून फार तर दुप्पट वाढ समजते. शिवाय २५ पट हा आकडा दर चौरस मीटरवर दर वर्षी पडलेल्या धुळीचा आहे, दाटपणाचा नव्हेच.

ही धूळ आली कुठून, याचा माग स्ट्रॉन्शियम आणि निओडिमियम या मूलद्रव्यांच्या समस्थानिकांनी लावला. त्यांचं प्रमाण प्रामुख्याने दक्षिण अमेरिकेतल्या पॅटागोनियाशी जुळतं. तिथल्या हिमनद्यांनी खडक दळून बारीक केले आणि कोरड्या वाऱ्यांनी ते भुकटीसारखे उचलून नेले. त्यातल्या लोहाचं महत्त्व जॉन मार्टिन यांनी १९९० मध्ये मांडलं: लोहामुळे दक्षिण महासागरातलं वनस्पतिप्लवक फोफावलं आणि त्याने हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषला. हिमयुगातली कार्बन डायऑक्साइडची घट एकट्या लोहाने झाली नाही, सागरी प्रवाहांचाही त्यात मोठा वाटा होता. तरी लोहाला हिशेबातून वगळता येत नाही.