कचऱ्यातून घडलेला मासा

‘टाकाऊतून टिकाऊ’ हा प्रकल्प शाळेत दिला, की अनेक घरांत आदल्या रात्री धांदल उडते. प्रकल्पासाठी म्हणून थंड पेयाची बाटली विकत आणली जाते, सोबत चमकीचा कागद आणि गोंदही येतो. निम्मे काम आई-बाबाच करतात. प्रदर्शन संपले, की ती वस्तू कचऱ्याच्या डब्यात जाते. कचरा कमी करण्याचा धडा असा कचऱ्यात भर घालून संपतो.

अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात बॅन्डन या किनाऱ्यावरच्या गावात हे काम दुसऱ्या टोकाने सुरू झाले. अँजेला हेसेलटाइन पोझी या कलाशिक्षिकेने तेथे २०१० मध्ये ‘वॉश्ड अशोअर’ हा उपक्रम उभा केला. समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकलेले प्लॅस्टिक गोळा करायचे, धुवायचे, रंगांनुसार वेगळे करायचे, भोके पाडून तारेने एकमेकांना जोडायचे आणि त्यातून मासे, कासवे, पक्षी यांची प्रचंड शिल्पे घडवायची, असे हे काम. शाळकरी मुलांपासून आजी-आजोबांपर्यंत हजारो हात त्याला लागले. २०१६ मध्ये ही शिल्पे वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयातही मांडली गेली. शिल्पाला वरून रंग दिला जात नाही. मासा लाल हवा, तर तेवढे लाल प्लॅस्टिक सापडायला हवे.

खरे शिक्षण होते ते या निवडण्याच्या कामात. ढिगाऱ्यात दात घासायचा ब्रश, चपलेचा तळ, बाटलीचे झाकण, लायटर निघतो. या वस्तू आपल्याही घरात आहेत, हे मुलांना कोणी सांगावे लागत नाही. काही तुकड्यांवर माशांनी चावल्याच्या खुणा असतात. मासे किंवा पक्षी प्लॅस्टिक का खातात? समुद्रात काही आठवडे राहिलेल्या प्लॅस्टिकवर शेवाळ वाढते आणि त्यातून येणारा गंधकयुक्त वास काही समुद्रपक्ष्यांना अन्नाचा वाटतो, असे २०१६ मधील एका संशोधनातून पुढे आले. उन्हाने ठिसूळ झालेला तुकडा हातातच मोडतो, तेव्हा प्लॅस्टिक कुजत नाही, त्याचे फक्त बारीक तुकडे होत जातात, हेही समजते. पाच मिलिमीटरपेक्षा लहान तुकड्यांना सूक्ष्म प्लॅस्टिक म्हणतात.

अर्थात, शिल्पे करून कचरा संपत नाही. २०१० या एका वर्षात ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन प्लॅस्टिक समुद्रात गेले असावे, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. त्यापुढे चार शिल्पे म्हणजे काहीच नाही. फरक पडतो तो मुलांच्या सवयींत. ब्रिटनमध्ये आठ ते तेरा वर्षांच्या १७६ मुलांना समुद्री कचऱ्याविषयी प्रत्यक्ष कृतीतून शिकवले गेले. त्यानंतर त्यांची समज वाढली आणि कचरा कमी करण्यासाठी आपण अधिक काही करू लागल्याचे त्यांनी सांगितले, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. तो उपक्रम कलेचा नव्हता; पण मुलांनी स्वतः हात घालून शिकण्याचे मोल त्यातून कळते.

त्यासाठी समुद्र जवळ असलाच पाहिजे असे नाही. शाळेच्या आवारात पडलेल्या कपांत आणि करवंट्यांत पावसाचे पाणी साचते. डेंग्यूचा डास अशाच पाण्यात अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत नवे डास बाहेर पडतात. आपल्या शाळांना सुरुवात येथूनच करता येईल. आठवडाभर आवारातला सुका कचरा वेचावा, प्रकारानुसार मोजून फळ्यावर आकडे लिहावेत आणि मग सर्व वर्गांनी मिळून एकच मोठे चित्र किंवा शिल्प करावे. नवे साहित्य अजिबात आणू नये. हातमोजे घालावेत, काच, सुया, बॅटऱ्या आणि वापरलेले पॅड मुलांनी उचलू नयेत. काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत. शिल्प मोडल्यावर प्लॅस्टिक जाळू नये, त्याचा धूर विषारी असतो. ते सुक्या कचऱ्यात द्यावे.

पुढच्या वर्षी पुन्हा मोजणी करावी. तेव्हा मासा पुरा करायला झाकणे कमी पडली, तर प्रकल्प यशस्वी झाला असे समजावे.