बरोबर दिसणाऱ्या चुका : ‘आर’मधल्या बगांचा मागोवा

संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमधला सर्वांत घातक बग प्रोग्राम बंद पाडत नाही. तो चुकीचे उत्तर दशांश स्थळांसकट नीटनेटके छापून देतो. ही गोष्ट लवकरच ध्यानात आली होती. जे. डब्ल्यू. लाँगली यांनी अमेरिकेच्या 1947 ते 1962 या सोळा वर्षांच्या आर्थिक आकडेवारीवर रिग्रेशनचे गणित हाताने सोडवले, तेच त्या काळच्या संगणक-प्रोग्रामांना घातले आणि दोन्हींचा ताळा 1967 मध्ये प्रसिद्ध केला. उत्तरे जुळेनात, काही ठिकाणी तर पहिलाच अंक वेगळा. आकड्यांचे रकाने एकमेकांशी इतके बांधलेले होते की मधल्या पायऱ्यांवर सोडून दिलेले बारीक अपूर्णांकच शेवटी उत्तरावर स्वार होत. ओपन सोर्स संख्याशास्त्रातली सर्वांत परिचित भाषा ‘आर’ हा सोळा ओळींचा तक्ता आजही सोबत घेऊनच येते.

न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी 1990च्या दशकाच्या आरंभी ‘आर’ लिहायला घेतली आणि 1995 मध्ये तिचा सोर्स कोड जीपीएल परवान्याखाली खुला केला. कोड सर्वांना दिसत असल्याने तक्रारीबरोबर दुरुस्तीही येऊ लागली आणि तो ओघ दोघांना आवरेना. 1997 मध्ये मूळ कोडला हात लावण्याचा अधिकार असलेला ‘आर कोअर’ हा गट झाला. हा गट तेव्हा लहान होता आणि आजही लहानच आहे. पुढच्या बऱ्याच अडचणींचे मूळ तिथे सापडते.

सुरुवातीला तक्रारी ई-मेलने येत. नंतर त्यांची नोंद ‘जिटरबग’ या प्रणालीत होऊ लागली. सांबा या प्रकल्पासाठी अँड्र्यू ट्रिजेल यांनी ती लिहिली होती. ‘आर’साठी पीटर डालगार्ड यांनी ती कोपनहेगनमधून चालवली. प्रत्येक तक्रारीला ‘पीआर’ आणि क्रमांक मिळे, आणि हे क्रमांक नव्या आवृत्तीच्या बदलांच्या यादीत आजही दिसतात. 2010 मध्ये कारभार ‘बगझिला’वर गेला. तिथे जाहिरातबाजांनी इतका उच्छाद मांडला की जुलै 2016 पासून नव्या माणसाला परस्पर खाते उघडता येईनासे झाले. आधी ई-मेल पाठवून ते मागून घ्यावे लागते. उपाय रास्त होता, पण दाराशी आलेला नवखा त्यामुळे परत फिरण्याची शक्यता वाढली, हेही खरे.

तक्रार कशी करावी, याचा दंडक मात्र जुनाच आहे. प्रोग्राम कोसळला तर तो निःसंशय बग. उत्तर वेगळे आले तर आधी मदतपान वाचावे, मग दुसऱ्या कोणालाही चालवून पाहता येईल असा लहानात लहान नमुना द्यावा आणि कारणाचे तर्क लढवत बसू नये. तरीही एक तक्रार पुनःपुन्हा येत राहिली : दोनाचे वर्गमूळ स्वतःशी गुणले तर उत्तर दोनाइतके नाही, असे ‘आर’ सांगते. तो बग नाही. संगणक अपूर्णांक द्विमान पद्धतीत ठरावीक अंकांपर्यंतच साठवतो, त्याचा तो परिणाम आहे. ‘आर’च्या प्रश्नोत्तरांत हा प्रश्न 7.31 या क्रमांकाला आहे, आणि जाणकार उत्तरादाखल नुसता तो आकडा फेकून मोकळे होतात.

खरा आणि खोलवर रुजलेला बग कसा असतो, ते ‘सॅम्पल’ या आज्ञेने दाखवले. यादृच्छिक नमुना निवडणे हे संख्याशास्त्राचे रोजचे काम. जुनी रीत अशी, की शून्य ते एकमधला एक यादृच्छिक अपूर्णांक घ्यायचा, त्याला हव्या त्या संख्येने गुणायचे आणि दशांश भाग टाकून द्यायचा. पण त्या अपूर्णांकाला वेगवेगळ्या किमती असत सुमारे 429 कोटीच. निवड 171 कोटींच्या आसपास संख्यांमधून करायची असेल, तर प्रत्येकीच्या वाट्याला सरासरी अडीच किमती येतात; आणि अर्धी किंमत देता येत नसल्याने एकीला दोन, तर शेजारणीला तीन. नेमका असा आकडा घेऊन दहा लाख नमुने काढले, तेव्हा सम आणि विषम संख्यांची विभागणी निम्मी-निम्मी न होता साधारण 40 आणि 60 टक्के झाली. शंभर-दोनशेंतून निवड करताना ही खोट नगण्य, म्हणूनच ती इतकी वर्षे कोणाच्या डोळ्यांवर आली नाही. बर्कलीच्या केली ऑटोबोनी आणि फिलिप स्टार्क यांनी 2018 मध्ये हा प्रश्न लावून धरला.

दुरुस्ती सोपी होती. हवे तेवढे यादृच्छिक बिट घ्यायचे आणि बनलेली संख्या मर्यादेबाहेर गेली तर टाकून पुन्हा काढायची. अवघड होते ते जुन्या उत्तरांचे काय करायचे, हे. यादृच्छिक क्रमाची सुरुवात ठरवणारा आकडा, म्हणजे बीज, 123 ठेवून एक ते दहा हे आकडे पिसले की पूर्वी 3, 8, 4, 7 असा क्रम येई. एप्रिल 2019 मध्ये आलेल्या 3.6.0 आवृत्तीपासून तो 3, 10, 2, 8 असा येतो. पाठ्यपुस्तकांतली छापील उत्तरे, शोधनिबंधांसोबतचा कोड, विद्यार्थ्यांचे गृहपाठ, सगळ्यांचे आकडे बदलले. म्हणून जुनी, सदोष रीतही मागून घेण्याची सोय ठेवली गेली. ती मागणाऱ्याला इशारा तेवढा मिळतो. चूक निस्तरताना चुकीचा इतिहासही चालता ठेवण्याचा हा निर्णय विचित्र वाटेल, पण संशोधनात जुना निकाल पडताळता येणे हेही तितकेच मोलाचे आहे.

हीच सावधगिरी इतरत्रही दिसते. ‘इफ’च्या अटीत एकाऐवजी अनेक किमती आल्या तर ‘आर’ पहिली घेऊन पुढे जाई आणि फक्त इशारा देई. 2022च्या 4.2.0 आवृत्तीत या इशाऱ्याची जागा थेट चुकीने (एररने) घेतली. त्याआधीच्या आवृत्त्यांत ही कडक तपासणी ऐच्छिक ठेवून पॅकेज लिहिणाऱ्यांना सवड देण्यात आली होती. 2020च्या 4.0.0 मध्ये पूर्णांकनाची रीतही सुधारली. तिचा उगम पीआर 17668 या एका तक्रारीत होता.

क्रमांक वाढत गेले, ते निस्तरणारे हात मात्र तेवढेच राहिले. 2019 मध्ये टोमास कालिबेरा आणि ल्यूक टिअर्नी यांनी उघड आवाहन केले : दुरुस्ती लिहिता येत नसली तरी चालेल, पण आलेली तक्रार स्वतः चालवून पाहा, नमुना आणखी लहान करा, दोष कोडच्या कोणत्या ओळीत आहे ते शोधा. वेळ खातो तो बहुधा हाच भाग. 2023 मध्ये इंग्लंडमधल्या वॉरिक विद्यापीठात कोअरचे काही सदस्य आणि बाहेरचे कार्यकर्ते तीन दिवस एकत्र बसून अशा कामाला लागले.

एप्रिल 2024 मध्ये मात्र निराळ्याच जातीची तक्रार चर्चेत आली. साठवलेली डेटा-फाइल उघडताना तिच्यात दडवलेला कोड चालू शकतो, असे एका सुरक्षा कंपनीने दाखवले. 4.4.0 आवृत्तीत ती वाट बंद झाली. अनोळखी ठिकाणाहून आलेली फाइल जपूनच उघडावी, हे कोअरने तरीही बजावले.